दौलत बेग, हजर

फॉर्म जुनाच होता, चौकट नवी होती. सकाळी साडेसातला दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या हेड ऑफिसातून मेल आला, मी प्रिंट काढली. कागद प्रिंटरमधून गरम गरम बाहेर आला की लगेच भरायला घ्यायची माझी जुनी खोड, म्हणून पेन टेकवलं, तेवढ्यात ती दिसली. गटाचा ट्रेड, माणसांची संख्या, कॅम्प, खोल्यांचे नंबर, हे सगळं ओळखीचं. त्याखाली दुहेरी रेघांची चौकट: ग्रुप लीडर. आत दोन ओळी. एक आणि दोन हे आकडे आधीच छापलेले, पुढे कोरं. अठरा वर्षं मी मेसईदमध्ये या कंत्राटी कंपनीच्या साइट ऑफिसात वेलफेअर ऑफिसर म्हणून माणसांच्या याद्या करतो आहे. कोरी जागा दिसली की ती भरल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पण त्या छापील 'दोन'पुढे माझं पेन चाललं नाही. बाहेर खताच्या कारखान्याकडून वारा आला होता, त्याचा वास एसीच्या जाळीतूनही आत येतो. मी पेनाला टोपण लावलं. तेही दोनदा लावावं लागलं.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: गुरुवारच्या प्रकरणात, परांची गट, एकतीस जण, लीडरचं नाव आज संध्याकाळपर्यंत कळवावं. 'प्रकरण' हा शब्द वेस्ट बेला फार आवडतो. काचेच्या तिसाव्या मजल्यावरून बघितलं की सगळीच माणसं प्रकरणासारखी दिसत असावीत. गुरुवारी झालं होतं ते असं. नव्या टाकीभोवती परांची उभी आहे, पाइपांची, सहा मजली. तिच्या पायथ्याशी एक प्लास्टिकचा टॅग लटकतो. हिरवा असला की चढायचं, लाल असला की चढायचं नाही, आणि तो टॅग बदलायचा अधिकार फक्त इन्स्पेक्टरला. बुधवारी केबलवाल्यांनी परांचीच्या शेजारून चर खणला होता. गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टर गाडीतून उतरला, वर मान करून एकदा बघितलं, हिरव्या टॅगवर सही केली, परत गाडीत बसला. साडेनऊच्या सुमाराला या एकतीस जणांतला एक खाली वाकला, पाइपांखालच्या फळ्यांपैकी एक हाताने दाबून बघितली, मग शांतपणे हिरवा टॅग काढून खिशात टाकला आणि लाल लावला. ओरडला नाही, हात हलवला नाही. वरचे तीस जण पाच मिनिटांत एकेक करून उतरले आणि कंटेनरच्या सावलीत जाऊन बसले. साडेचार तास. शुक्रवारी सकाळी त्याच कोपऱ्यातला पाय वीतभर खचलेला सापडला. वर कोणी नव्हतं म्हणून बातमी झाली नाही. बरोबर निघालेल्या माणसाला कंपनी शिक्षा करू शकत नाही. पण त्याचं नाव माहीत करून घेऊ शकते. नाव कळलं की मग तीन-चार आठवड्यांनी, कोणी विचारायचं विसरलं की, 'प्रोजेक्टची गरज संपली' असं पत्र निघतं आणि माणूस फायनल एक्झिटवर कायमचा घरी जातो. अठरा वर्षांत अशी नऊ पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. नऊच्या नऊ नावं मला पाठ आहेत. पाठ असून उपयोग काय, ते विचारू नका.

टॅग कोणी बदलला ते मला माहीत होतं. माझी खिडकी टाकीच्या बरोबर समोर आहे. सखीदाद. वय चौतीस, बेड नंबर चार, बोलणं दिवसाला बहुधा पन्नास शब्द. आणि सखीदादचं घर क्वेट्ट्यात आहे, तिथल्या हजारा मोहल्ल्यात, जिथून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या दोन भावांना बसमधून खाली उतरवलं होतं. तिथे हजारा माणसाला मारण्याआधी नाव विचारावं लागत नाही. चेहरा बघितला की झालं. बारीक डोळे, रुंद गाल. आमच्या कॅम्पवर या एकतीस चेहऱ्यांनी पहिला महिनाभर नुसती गंमत केली होती. ॲडमिन मॅनेजर फेलिक्सने त्या सगळ्यांना नेपाळी मेसमध्ये घातलं. नेपाळ्यांनी त्यांच्याशी नेपाळीत बोलून बघितलं, मग फिलिपिनोंनी आपल्या भाषेत, आणि शेवटी मीच यादी बघून सांगितलं की बाबांनो, हे पाकिस्तानी आहेत. फेलिक्स म्हणाला, "असं कसं? पाकिस्तानी असे दिसतात?" वसईचा माणूस. त्याला स्वतःला दोह्यात गेली पंचवीस वर्षं लोक गोवेकर समजतात आणि तो दर वेळी चिडतो. पण अनुभवाने माणूस शहाणा होतोच असा माझा तरी हिशेब सांगत नाही.

माणसांचे हिशेब ठेवायची मला खोड आहे हे कबूल. दर गटाचा म्होरक्या कसा ठरतो, याची माझ्या डोक्यात एक वही आहे. केरळचे चाळीस जण आले की सहा महिन्यांत त्यांच्या तीन संघटना होतात आणि तिन्हींचे अध्यक्ष एकाच खोलीत राहतात. तेलंगणाचे लोक ज्याचा आवाज मोठा त्याला पुढे करतात आणि मागून त्याला चिमटे काढतात. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष दर वर्षी बिनविरोध निवडला जातो. त्याआधी तीन आठवडे जे काय चालतं त्याला विरोध म्हणत नाहीत, चर्चा म्हणतात. मी तिथे पंधरा वर्षं सहचिटणीस आहे. चिटणीस हो म्हणून खूप जण मागे लागले, मी झालो नाही. माझी मुलगी नमिता एकदा म्हणाली, "बाबा, यू आर ऑलवेज द असिस्टंट समथिंग." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र ती नेमकं लागेल अशा भाषेत देते.

या हजारांचा म्होरक्या मात्र माझ्या वहीत बसेना. सुरुवातीला वाटलं, एकतीस जण, एक तोंडवळा, एक बोली, म्हणजे एकच घर. मग एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि मी खोलीच्या दारात उभा राहून मोजलं: जमिनीवर दोन चादरी, दोन किटल्या, मधून दीड हाताची मोकळी पट्टी. एकीकडे सतरा, एकीकडे चौदा. वेलचीचा हिरवा चहा, टॉफी तोंडात धरून प्यायचा. सगळ्यात म्हातारा नौरोज, केस पांढरे शुभ्र, वय कागदावर अठ्ठावन्न, खरं त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. आम्ही हिंदीत बोलायचो, ते क्वेट्ट्याच्या उर्दूत. मध्ये कुठेतरी भेट व्हायची. मी विचारलं, "काका, या दोन चादरी वेगळ्या का अंथरल्यात?" तो हसला. म्हणाला, "आम्ही सगळे जाघोरी. हजारांमध्ये जाघोरी ही एक जमात, तिच्यात शाखा, शाखांमध्ये घरं. इकडे बसलेत ते दौलतबेगी. तिकडे शाहमीरी." "भांडण आहे?" "भांडण नाही. हिशेब आहे. जुना." त्या शब्दावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. भावकी! दोन हजार किलोमीटर दूरच्या डोंगरातली माणसं, तरी पंगतीत मधली पट्टी मोकळी सोडायची अक्कल तीच. आमच्या वाडीत पाष्ट्यांची त्रेसष्ट घरं. वरचा आवाट आणि खालचा आवाट, अशा दोन वस्त्या. होळीचा माड पहिला कोणी उचलायचा यावरून आजोबांच्या वेळी बोलणं बंद झालं ते अजून एकमेकांच्या लग्नात अक्षता टाकून जेवण न करता परत येतात. मी नौरोजला हे सांगितलं तेव्हा दोन्ही चादरींवरचे लोक हसले. एकत्र हसताना मी त्यांना त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं.

"मग तुमचा मुख्य कोण?" मी विचारलं होतं. वेलफेअर ऑफिसर चहा पितानाही वेलफेअर ऑफिसरच असतो. नौरोजने किटली खाली ठेवली. "दर घराचा पांढरकेस्या असतो. त्याचं ऐकतात. पटलं तर. त्याच्यावर कोणी नाही." आणि मग उलट मलाच विचारलं, "तू तुझे बाप सांग." "म्हणजे?" "माणसाला सात बाप पाठ हवेत. सांग." मी म्हटलं, सदाशिव. मग गोविंद. मग धोंडू. श्राद्धाला भटजी विचारतात तेवढे तीन. धोंडूच्या पलीकडे धुकंच आहे, कोणीतरी घाटावरून खाली उतरलं एवढीच वाडीतली गोष्ट. म्हातारा वाट बघत राहिला. सखीदादही बघत होता, कोपऱ्यातून. "तीनच?" नौरोज म्हणाला. "मग तुला पकडणं सोपं आहे. मागे लपायला जागाच नाही." सगळे पुन्हा हसले, मीही हसलो. पण परत येताना कंपनीच्या बसमध्ये, बाहेर त्या जळत्या गॅसच्या उंच ज्वाळा बघत, मी धोंडूच्या बापाचं नाव आठवायचा प्रयत्न करत होतो, जणू कोणी माझ्यापासून ते लपवून ठेवलंय.

दौलत बेगची गोष्ट नौरोजने मला त्याच दुपारी सांगितली. काबूलच्या अमीराने या लोकांवर फौज घातली, त्याला आता एकशेतीस वर्षं झाली. गावं जाळली, माणसं मारली, उरलेली बाजारात विकली. त्या धामधुमीत अमीराचा एक सरदार यांच्या दरीत आला, दरबार भरवला आणि गोड आवाजात म्हणाला, बोलणी करायची आहेत, तुमचा मीर कोण तो पुढे या. गर्दीत सगळे सारखेच फाटके. मीर कोण ते सरदाराला कळेना. तेव्हा शाहमीरींच्या घरातल्या एकाने बोट केलं. "तो. दौलत बेग." का केलं, भीतीने की जुन्या रागाने, हे कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच ती चादर अजून वेगळी. दौलत बेग पुढे आला. त्याला मानाने घोड्यावर बसवून काबूलला नेलं. तो परत आला नाही. "तेव्हापासून," नौरोज म्हणाला, "आमच्या घराचा रिवाज आहे. वर्दीतला कोणीही आला, कलेक्टर, सुभेदार, जनगणनेवाला, आणि विचारलं, तुमचा मुख्य कोण, तर म्हणायचं: मीर दौलत बेग. त्याला एकदा नेलंय. परत कसा नेणार?" आणि तो टॉफीचा कागद उलगडत राहिला. मला ती गोष्ट तेव्हा गमतीची वाटली. वहीत टिपून ठेवण्याजोगी.

आज सकाळी ती गमतीची वाटेना. फेलिक्स नऊला माझ्या केबिनमध्ये आला, खुर्ची उलटी करून तिच्यावर बसला. दमलेला दिसत होता. "देवा, एकेकाला बोलवू या. एकच प्रश्न. लीडर कोण. तू लिही. अकरापर्यंत खलास."

"आणि कोणी सांगितलंच नाही तर?"

"तर वेस्ट बे म्हणतंय, गट फोडा. दहा इथे, दहा इंडस्ट्रियल एरियात, उरलेले रास लफानला. वेगवेगळे कॅम्प." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "मला नको आहे रे ते. बरं काम करतात साले. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

सखीदाद आठच्या बसमधून उतरल्यावर सरळ माझ्याकडे आला होता, फेलिक्स येण्याआधी; गट फुटणार ही कुजबुज कॅम्पवर आधीच पोचली होती. दारातच उभा राहिला, हेल्मेट हातात. म्हणाला, "देवसाब, माझं नाव लिहा. मी टॅग बदलला. एकतीस जण तुटायला नकोत." दिवसाचे निम्मे शब्द त्याने सकाळीच खर्च केले. मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो, "बघू." आयुष्यभर मी हाच शब्द वापरत आलो आहे, त्याला धार नाही, वजन नाही, कोणालाही देता येतो. तेवढ्यात नौरोज मागून आला आणि त्याने सखीदादचा दंड धरला. त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला, मग मला कळावं म्हणून उर्दूत: "आज एक दिला की उद्या दुसरा मागतील. मागायची सवय लागते."

दोनची ओळ. मी फॉर्म उलटा करून ठेवला होता, पण आकडा पाठीमागूनही उमटलेला दिसत होता. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो, चिपळूणला कॉलेजात होतो. खाडीवर कारखाना आला होता आणि मासे पोट वर करून किनाऱ्याला लागत होते. वडील, म्हणजे अण्णा, प्राथमिक शिक्षक, वाडीत एकटे लिहिते. माझं नावसुद्धा त्यांनीच महाभारतातून काढलं, मुलगा मोठेपणी प्रतिज्ञा-बितिज्ञा करील या आशेने. भावकी देवळाच्या सभामंडपात जमली. वरचा आवाट, खालचा आवाट, त्या दिवशी सगळे एका सतरंजीवर. कलेक्टरला निवेदन द्यायचं ठरलं. "अण्णा, तुम्ही पहिली सही करा," सगळे म्हणाले, "तुमच्या मागोमाग आम्ही." निवेदन अण्णांनी लिहिलं, सह्यांचा कागद मी आखला. माझं अक्षर चांगलं. फूटपट्टी लावून समास, आणि एक ते त्रेसष्ट आकडे, एकाखाली एक, सरळ. एकच्या पुढे अण्णांनी सही केली, पूर्ण: सदाशिव गोविंद पाष्टे. मग तो कागद घरोघर फिरला. आज नाही उद्या, चष्मा सापडत नाही, थोरला भाऊ मुंबईला आहे, त्याला विचारून सांगतो, कारखान्यात पोराला चिकटवायचंय. आठ दिवसांनी कागद परत आला तेव्हा एक ते त्रेसष्ट आकडे होते आणि एकच सही. तसाच तो कलेक्टर कचेरीत गेला. महिन्याभरात अण्णांची बदली तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडच्या शाळेत झाली. पावसाळ्यात चार महिने तिकडे जाणारी होडी बंद असायची. भावकीला मी कधी क्षमा केली नाही, याची मला खात्री आहे. लग्नात मीही अक्षता टाकून न जेवता परत येतो. पण त्या आठ दिवसांत कागद रात्री आमच्याच घरी असायचा, देव्हाऱ्याखालच्या फडताळात. एकोणीस वर्षांचा माणूस सज्ञान असतो. माझा नोकरीचा अर्ज गेलेला होता, पोलीस चौकशी व्हायची होती. अण्णांनी मला एकदाही म्हटलं नाही, दोन नंबरला तू कर. मीही म्हटलं नाही. मी फक्त आकडे काढले होते. किती सुबक काढले होते.

"यल्ला, पहिला बोलव," फेलिक्स म्हणाला.

पहिला दौलतबेगींतला आला. फेलिक्सने हिंदीत विचारलं, तुम्हारा लीडर कौन? तो सरळ उभा राहिला. "मीर दौलत बेग." फेलिक्सने माझ्याकडे बघितलं, मी कागदावर लिहिलं. दुसरा: मीर दौलत बेग. तिसरा, चौथा. फेलिक्स खूश झाला, मला मराठीत म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? धाक दाखवला की बोलतात." माझा चेहरा कसा राहिला कोण जाणे. माझ्या गालातल्या शिरा आतून ओढल्यासारख्या झाल्या होत्या. नौरोज सहावा आला, नाव घेताना त्याने छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे चहाला आलेलो आहे आणि किटली उकळते आहे. सोळापर्यंत हे असंच झालं. सखीदाद रांगेत शेवटी उभा राहिला होता, मुद्दाम, शाहमीरींच्याही मागे. तो मला दाराच्या काचेतून दिसत होता.

मग शाहमीरी. खरं तर मी इथे घाबरलो. हा रिवाज त्यांचा नव्हे. दौलत बेग त्यांच्या तोंडातून एकदाच निघालेलं नाव, आणि त्यानंतर एकशेतीस वर्षं ते त्यांच्या पंगतीत कोणी घेत नाही. त्यांच्यातला पांढरकेस्या बरात अली. तो नौरोजच्या किटलीतला चहा पीत नाही हे मी स्वतः मोजलेलं आहे, सात शुक्रवार. सखीदाद दौलतबेगी. बरातने त्याचं नाव सांगितलं असतं तर त्यात त्याच्या घराचं काही जात नव्हतं. चौदा माणसं एकत्र राहिली असती. तो आत आला, टोपी काढली, खुर्ची दाखवली तरी बसला नाही. फेलिक्सने प्रश्न विचारला. बरात अलीने हातातली टोपी एकदा फिरवली. एसीचा आवाज, बाहेर क्रेनचा भोंगा. माझं पेन कागदावर टेकलेलं आणि त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

"हे नाव आमच्या घराने पूर्वी एकदा सांगितलं आहे," तो म्हणाला. "आज पुन्हा सांगतो. लिही. मीर दौलत बेग."

"म्हणजे काय?" फेलिक्सने मला विचारलं.

"म्हणजे जुना लीडर आहे यांचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी लागला.

त्याच्यामागून तेरा शाहमीरी आले. काही जण नाव घेताना अडखळले, तोंडाला सवय नव्हती. तिसावा बाहेर पडल्यावर सखीदाद आत आला. दार उघडं होतं आणि बाहेर कंटेनरच्या सावलीत दोन्ही घरं उभी होती. सावली अरुंद असल्यामुळे असेल, पण मधली दीड हाताची पट्टी मला कुठे दिसेना. सखीदादने माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांवर त्याचं स्वतःचं नाव आलेलं मी स्पष्ट बघितलं. मग त्याने मान वळवून बाहेर बघितलं आणि परत पुढे. "मीर दौलत बेग," तो म्हणाला, आणि बसमध्ये सकाळी हजेरीला म्हणतात तसं जोडलं, "हजर."

तो गेल्यावर फेलिक्सने माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. शोधलं. एकतीस नावांत नाही. स्पेलिंग बदलून शोधलं, तरी नाही. सगळ्या कॅम्पच्या अकराशे माणसांत शोधलं. "देवा, एम्प्लॉयी नंबर काय आहे याचा? सापडत नाही."

"सापडणार नाही."

"कुठल्या साइटवर आहे?"

"काबूलला गेला होता. बोलणी करायला."

"कधी?"

"एकशेतीस वर्षं झाली."

फेलिक्स हसला नाही, चिडलाही नाही. खुर्ची सरळ करून नीट बसला, चष्मा काढून शर्टाला पुसला. "ओके," तो म्हणाला. "चांगली आहे. आमच्या वसईलाही सांगेन ही गोष्ट. आता तू ऐक. तुझी खिडकी टाकीच्या समोर आहे. गुरुवारी तू सुट्टीवर नव्हतास. तुझा कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला रिन्यू व्हायचा आहे आणि पोरगी बारावीला. मी धमकी देत नाही हां, मित्र म्हणून सांगतो. तू लिही. एक नाव. कोणाला कळणार नाही कोणी सांगितलं, खाली 'तयार केले' मध्ये नेहमीसारखं डी.पी. टाक फक्त."

डी.पी. अठरा वर्षं मी तेवढंच टाकत आलो आहे. नऊच्या नऊ पत्रांवर तेवढंच आहे. डी.पी. कोणीही असू शकतो. मागे लपायला भरपूर जागा, सात बापांचीही गरज नाही. समोरच्या खिडकीत परांची दिसत होती आणि पायथ्याशी लाल टॅग वाऱ्याने गोल गोल फिरत होता. गुरुवारपासून तो तिथेच आहे. काढायचा अधिकार ज्याला, तो इन्स्पेक्टर हात लावायला धजत नाही, आणि ज्याने लावला त्याला अधिकार नाही, म्हणून तो टॅग तिथे सगळ्यांहून सुरक्षित आहे. मला अण्णा दिसले. नेहमीचे, थकलेले अण्णा मी बरेचदा बघतो. हे वेगळे होते. निवेदनावर सही करताना त्यांनी धोतराला हात पुसले होते, कागदाला डाग पडू नये म्हणून, आणि सही झाल्यावर कागद मागे धरून बघितला होता. तो माणूस तेव्हा भ्यालेला नव्हता. त्याला खरोखरच वाटलं होतं की खाली बासष्ट नावं येणार आहेत. मी इतकी वर्षं त्याला फसवला गेलेला समजत होतो. त्याने फक्त मोजायला एकापासून सुरुवात केली होती.

मी फॉर्म सरळ केला. चौकटीत एकच्या पुढे लिहिलं: मीर दौलत बेग. अक्षर अजून चांगलं आहे माझं. एम्प्लॉयी नंबरच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, हजेरीच्या रकान्यात 'हजर'. मग दोन. भीती वाटत होती आणि मला तिची लाज वाटली नाही. भ्यालेल्या माणसालाही नाव लिहिता येतं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. दोनच्या पुढे मी लिहिलं: देवव्रत सदाशिव पाष्टे. शेरा या जागेत लिहिलं: परांचीचा पाय खचणार होता. चर खणताना आणि टॅगवर गाडीपाशी उभं राहून सही होताना मी या खिडकीतून पाहिलं आहे. काम थांबवणं बरोबर होतं. गट फोडायचा असेल तर माझ्यापासून सुरुवात करावी. तारीख, वेळ.

फेलिक्स उलट्या बाजूने वाचत होता. "हे काय? दोन नंबरला तू कुठून आलास? तू ह्यांचा कोण?"

"कोणी नाही."

"मग?"

"ओळ रिकामी होती."

"देवा, हा कागद मी वर पाठवणार. मला पाठवावाच लागेल. कळतंय ना तुला?"

"पाठव. त्यासाठीच भरलाय. नाव नीट वाचता येतंय ना तेवढं बघ."

त्याने कागद उचलला, दारापर्यंत गेला, तिथे थांबला. "अरे पण आत्ता?" तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं गप्प राहिलास, मग आत्ताच कुठून सुचलं?"

"उशीर झाला थोडा," मी म्हणालो. "पस्तीस वर्षं."

तो गेला. मी खाली 'तयार केले'च्या जागी काय टाकलंय ते त्याने बघितलं नव्हतं. तिथे मी पूर्ण सही केली होती, मधल्या सदाशिवसकट. उघड्या दारातून नौरोज वाकून आत बघत होता. त्याने बोटाने विचारलं, झालं? मी मान हलवली. तो म्हणाला, "चहा?" मी ऑफिसला कुलूप न लावता बाहेर आलो. कंटेनरच्या सावलीत एकच किटली होती, नौरोजची. बरात अलीच्या हातात पेला होता, तो त्यातून पीत नव्हता, पण त्याने तो खालीही ठेवलेला नव्हता.